झुंबरबाई हैम्याला निघाली

कुठेही निघायचे असले की झुंबरबाई आधी पाणी भरून घेते. बाकी काही मागे राहिले तरी चालेल, पाणी राहता कामा नये. तीस वर्षे ऊसतोडीला गेलेल्या बाईची ही सवय.

मिरजगावपासून आत सात किलोमीटरवर तिचे गाव. दसरा झाला की दारात ट्रक लागायचा. पीठ, चूल, गोधड्या, कोंबड्या, एक शेळी, आणि या सगळ्याच्या वर माणसे. कधी श्रीगोंदा, कधी राहाता, दोनदा थेट कर्नाटक. सहा महिने फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. त्याच्याच भिंती, त्याचेच छप्पर. परक्या मुलखात संसार कसा मांडायचा आणि कसा उचलायचा, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी ओमानला जाताना विमानतळावर तिची पाण्याची बाटली काढून घेतलीच.

"माझं पानी काढून घेतलं, आन् वर गेल्यावर इवल्याशा गिलासात त्यांचं पानी दिलं," मस्कतला उतरल्या उतरल्या तिने मुलाला सांगितले. "ह्या लोकांचा कारभार मला न्हाई समजला."

अजिनाथ हसला. सहा वर्षांपूर्वी तो इथे क्रेनवर लागला. श्रीगोंद्याला ऊस उचलायचे यंत्र चालवून हात बसला होता. दोन वर्षांपूर्वी बायको रोहिणी आणि मुलगी अनन्या आल्या. आईला बोलावून बोलावून तो थकला होता. यंदा तिचे गुडघे कामातून गेले. कोयता आढ्याला खोचला गेला आणि ती हो म्हणाली. नवरा अंगद शेळ्यांपाशी थांबला.

"मी बी आलो असतो," तो म्हणाला, "पन शेळ्यांना व्हिसा न्हाई मिळत."

महिन्याचा व्हिसा होता. तिला तिथे बघायचे असे काही नव्हते. तिला अजिनाथला एक गोष्ट सांगायची होती. पंचवीस वर्षे ती सांगायची राहिली होती.

अजिनाथ तेव्हा चौथीत. मिरजगावच्या वसतिगृहात. आईबाप राहात्याच्या फडावर. संक्रांतीला येते, तिळगूळ आणते, असे ती निघताना बोलली होती. संक्रांतीच्या सकाळी उसाने भरलेली ट्रॉली शेतातच रुतली. ट्रॉली निघाल्याशिवाय कुणी हलायचे नाही, असा मुकादमाचा हुकूम सुटला. मोळ्या उतरवल्या, चाकाखाली पाचट घातले, ट्रॉली काढली, मोळ्या पुन्हा भरल्या. तोवर दुपारची एसटी गेली. दुसऱ्या दिवशी सुट्टी नव्हती.

पोरगा दिवसभर गेटवर बसून होता आणि रात्री जेवला नाही, हे तिला उन्हाळ्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीने सांगितले. अजिनाथ त्याबद्दल कधी बोलला नाही. तीही नाही. पण त्यानंतर कुठेही ट्रॉली रुतली की सगळ्यांच्या आधी झुंबरबाई चाकापाशी. बरोबरच्या बायका हसायच्या. हिच्या अंगात ट्रॉली येती, म्हणायच्या.

मस्कतला पहिले चार दिवस अजिनाथ घरी होता. त्याने समुद्र दाखवला. ती पाण्यात गुडघाभर गेली, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. "एवढं पानी आन् प्यायचं न्हाई?" मॉलमध्ये नेले. सरकत्या जिन्यापाशी ती थांबली ती थांबलीच, शेवटी सगळे साध्या जिन्याने गेले. शेजारी चहाला आले, हे शेजारी चहाला गेले. दोघांनीच बसायला पाच मिनिटे मिळाली नाहीत.

तिने त्याच्यासाठी गोधडी आणली होती, अनन्यासाठी दुसरी. दोन्ही स्वतःच्या जुन्या साड्यांच्या. तोडीत नेसलेल्या.

"ऱ्हाऊ दे घरातच," तो म्हणाला. "तिकडं कॅम्पात ब्लँकेट देतात. आता आलो की निवांत बसू, आये."

आणि बॅग उचलून तो दक्षिणेला गेला. वाळवंटातल्या तेलाच्या विहिरींवर त्याचे काम. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. सात जानेवारीला परत येणार होता.

मधल्या दिवसांत रोहिणीने सासूला घरात बसू दिले नाही. रोहिणी श्रीगोंद्याची. बी.एस्सी. झालेली, इथे एका शाळेत लहान वर्गांना शिकवते. तिचे लायसन्स नवे होते. इथली परीक्षा कडक. ती तीनदा नापास झाली आणि चौथ्यांदा पास. अजिनाथचा तिच्या गाडी चालवण्यावर शहरापुरताच विश्वास होता. तो गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी तिने दीडशे किलोमीटरवरचे निझवा गाठले. तिथे शुक्रवारी शेळ्यांचा बाजार भरतो. विकणारे शेळी दोरीला धरून गोल गोल फिरतात, घेणारे कडेला बसून बघतात.

झुंबरबाई बसली नाही. ती सरळ रिंगणात गेली. एका शेळीचे तोंड उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली. पांढऱ्या झग्यातल्या म्हाताऱ्याने बोटांवर भाव सांगितला. तिने त्याची दोन बोटे धरून मिटवली. बाजार हसायला लागला.

"आत्या, आपल्याला शेळी घ्यायची नाहीये!" रोहिणी तिच्या कानाशी लागली. सासूला ती आत्या म्हणते.

"गप गं. भाव तर पाडू दे."

म्हाताऱ्याने एक बोट आणखी मिटले. झुंबरबाईने शेळीला थोपटले, हात जोडले आणि समाधानाने बाहेर आली.

सात तारखेला अजिनाथ आला नाही. त्याचा फोन आला.

"आये, बदली मानूस आजारी पडलाय. ऑपरेशन झालं त्याचं. माझी ड्यूटी पंचवीस तारखेपर्यंत वाढवली."

झुंबरबाईचे परतीचे तिकीट अठराचे होते. व्हिसाही तेव्हाच संपत होता.

"सुट्टी न्हाई का एक दिवस?"

"क्रेनला दुसरा मानूसच न्हाई."

"तुला येता येत न्हाई ना? मग आमी येतो."

"आये, साडेपाचशेच्या वर किलोमीटर हाय. समदं वाळवंट."

"राहात्याहून मिरजगाव किती हाय?"

"त्याचं काय आता मधीच?"

"काय न्हाई. तू सांग, कुठं यायचं?"

अजिनाथने सांगितले, ते तिला नाउमेद करायलाच. बाहेरच्यांना कॅम्पात सोडत नाहीत. शुक्रवारी अर्धी सुट्टी असते. हैमा गावाच्या पुढे एक पेट्रोल पंप आहे, तिथे दुकाने आहेत. तीन ते साडेचार, कंपनीची बस माणसांना तिथे आणते आणि परत नेते. दीड तास. त्यासाठी एवढ्या लांब कुणी येते का?

"दीड तास लई झाला," झुंबरबाई म्हणाली.

"आन् आननार कोन तुला?"

रोहिणीने फोन घेतला. "मी."

अजिनाथचा आवाज चढला. "खुळी झालीस का तू? शहरात गाडी लावताना खांबाला घासतीस, आन् वाळवंटात जातीस!"

"वाळवंटात खांब नसतात," रोहिणी म्हणाली. "आणि चौथ्या वेळेला पास झालेय मी. पहिल्यांदा पास होणाऱ्यांपेक्षा माझी प्रॅक्टिस जास्त आहे."

शुक्रवारी, सोळा तारखेला, पहाटे पाचला तिघी निघाल्या. गाडी झुंबरबाईने भरली. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, भाकरी, ठेचा, कांदे, स्टीलची ताटे, तिळाच्या लाडवांचा डबा आणि दोन्ही गोधड्या. अनन्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. ती मांडी घालून बसली.

"आत्या, वाटेत हॉटेलं आहेत. सगळं मिळतं."

"हाटेल त्यांचं. पानी आपलं पायजे."

निझवा मागे पडले, मग डोंगर मागे पडले. मग काहीच उरले नाही. सरळ काळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना नजर थकेल एवढी पिवळी जमीन. झुंबरबाई काचेला नाक लावून बघत होती.

"एवढी जमीन कुनाची गं?"

"कुणाचीच नाही."

"असं कसं? सातबारा तर असंल कुनाच्या तरी नावावर."

अनन्या उंट मोजत होती. एकेचाळीसाव्या उंटाला तिला झोप लागली. रोहिणीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मोठे ट्रक बाजूने गेले की गाडी हलायची. ती ओठ मिटून पुढे बघायची. झुंबरबाई तिच्याकडे बघून मनात म्हणाली, पोरगी मागे हटणारी नाही. मोठ्याने म्हणाली, "खांब न्हाई लागला अजून एकबी."

बारा वाजता हैमा चाळीस किलोमीटर राहिले. तिथून पंप तीस. हातात तीन तास होते. हॉटेल मागेच दिसले होते, पण झुंबरबाईने मान वळवली होती. पोटाला टेबल लागते का, असे तिचे म्हणणे. आणि तेवढ्यात तिला झाड दिसले.

"अगं, बाभूळ! बाभूळ हाय ती!"

रस्त्यापासून अर्ध्या किलोमीटरवर, उतारापलीकडे, एकटे झाड होते. तसेच पसरट, तसेच काटेरी. वाटेतली भाकरी झाडाखाली खायची, यात दोघींनाही काही विशेष वाटले नाही. रोहिणीचे बालपणही श्रीगोंद्याच्या रानात गेलेले. त्यांच्याकडे बाभूळ म्हणजे बांध, आणि बांध म्हणजे टणक जमीन. बैलगाडी सरळ बुंध्यापर्यंत जाते. झाडाकडे कुणाच्या तरी गाडीची चाकोरीही गेलेली दिसत होती. रोहिणीने गाडी वळवली.

उतार उतरेपर्यंत सगळे नीट होते. मग गाडीने नाक खाली घातले, आणि थांबली.

रोहिणीने जोर दिला. चाके गरगर फिरली. वाळू उडाली. गाडी आणखी खाली गेली. तिने मागे घेऊन बघितली, पुढे घेऊन बघितली. प्रत्येक वेळी चाक थोडे थोडे पुरले गेले. मोबाईलला रेंज नव्हती. ती रस्त्यापर्यंत पळत गेली. अर्ध्या तासाने आली. दोन ट्रक गेले होते, दोन्ही पलीकडच्या बाजूने. परत येऊन ती पुन्हा गाडीत बसली, पुन्हा जोर दिला. तळ वाळूला टेकला. मग तिने डोके स्टिअरिंगवर टेकवले.

"माझंच चुकलं, आत्या. ह्यांना काय सांगू आता?"

झुंबरबाई झाडाच्या सावलीत उभी होती. किती वाजले, ते तिने विचारले नाही. दीड वाजून गेला असणार, हे तिला सावलीवरून कळत होते. पंचवीस वर्षांपूर्वीची ती सकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तेच संक्रांतीचे दिवस, तेच रुतलेले चाक, आणि पलीकडे तोच पोरगा. फरक एवढाच होता की इथे मुकादम नव्हता. इथे ठरवणारी ती होती.

"यंत्र बंद कर," ती म्हणाली. "उतर खाली. अनन्ये, ऊठ."

"आत्या, मी परत रस्त्यावर—"

"मानसं येतील तवा येतील. आधी गाडी हलकी कर. भरल्या ट्रॉलीला कुनी ढकलतं व्हय?"

कॅन खाली आला. डबे, पिशव्या, सुटे चाक, सगळे खाली आले. झुंबरबाईने पदर खोचला, गुडघे वाळूत टेकले आणि स्टीलच्या ताटाने पुढच्या चाकापुढची वाळू काढायला सुरुवात केली. दुसऱ्या चाकापाशी दुसरे ताट घेऊन रोहिणी. वाळू जेवढी काढावी तेवढी परत घसरे. झुंबरबाईने लगेच पद्धत बदलली. समोरून उभे खोदायचे नाही, तिरपे खोदायचे, लांब. रोहिणीला आठवले, अजिनाथने एकदा सांगितले होते, वाळूत टायरची हवा कमी करायची. तिने केसातली पिन काढली. चारही चाकांनी सुस्कारा सोडला.

"आता पाचट पायजे," झुंबरबाई म्हणाली आणि चौफेर बघितले. पाचट कुठले? चार काटेरी फांद्या होत्या. त्यांनी टायरच फुटले असते.

मग ती गोधड्यांकडे गेली.

"आत्या, नको. त्या तुम्ही हाताने—"

"हातानं शिवल्यात, म्हनून मजबूत हायत. धर ते टोक."

एका चाकाखाली अनन्याची गोधडी, दुसऱ्याखाली अजिनाथची. झुंबरबाईने त्या चाकाच्या पुढून आत सारल्या, दाबून, जशी ती पाचटाची पेंढी सारायची. अजिनाथच्या गोधडीत मधोमध एक हिरवा पट्टा होता. राहात्याच्या त्या सालची साडी. तो नेमका चाकाखाली आला. तिने बघितले आणि हात काढून घेतला.

"आता नीट ऐक. हळू दे. जोर करायचा न्हाई. गाडी हलली की थांबायचं न्हाई. आमी मागं राहिलो म्हनून बघायचं न्हाई. टनक लागंस्तवर जायचं."

पहिल्या खेपेला गाडी हातभर सरकली आणि पुन्हा बसली. पुन्हा ताटे, पुन्हा वाळू, पुन्हा गोधड्या. दुसऱ्या खेपेला दोन हात. अनन्या रडायला लागली. झुंबरबाईने तिच्या हातात ताट दिले. "रड, पन वाळू काढत रड."

तिसऱ्या खेपेला गाडी उठली. गोधडीवरून चढली, फरफटत एक टोक घेऊन गेली आणि निघाली.

"थांबू नगंस!" झुंबरबाई ओरडत मागे पळत होती. "पोरी, मागं बघू नगंस!"

रोहिणीने बघितले नाही. गाडी उतार चढून थेट डांबरावर जाऊन थांबली. अर्धा किलोमीटर. झुंबरबाईने अर्धा भरलेला कॅन डोक्यावर घेतला, दोन्ही गोधड्या खांद्यावर, आणि चालू लागली. गुडघ्यांनी काही म्हटले असेल. तिने ऐकले नाही. मागून अनन्या लाडवांचा डबा पोटाशी धरून. दोन खेपा झाल्या. सुटे चाक रोहिणीने आणि तिने मिळून वाळूतून गडगडवत नेले.

साडेतीन वाजले होते. भाकरी कुणी खाल्ली नव्हती.

हवा नसलेल्या चाकांवर गाडी पळवता येईना. हैम्याला हवा भरेपर्यंत चार वीस झाले. तिथे रेंज आली आणि लगेच अजिनाथचा फोन.

"कुठं हायत तुमी? तीन वाजल्यापासून हितं उभा हाय मी!"

"आलोच. अर्धा तास. गाडी रुतली होती."

"रुतली? सडकंवर?"

"ते नंतर सांगते. बस थांबवा."

बस थांबली नाही. पाच वाजायला आले तेव्हा त्या पंपावर पोचल्या. अंगणात बसच्या चाकांचे ठसे होते आणि पेप्सीचे रिकामे डबे. फोन पुन्हा वाजला. अजिनाथच्या मागे बसचा आवाज येत होता.

"मी न्हाई म्हनत हुतो चढायला. पन हजेरी असती, सायबानं चढवलंच. रोहिणी, ऐक. आता मागं फिरा. उजेड हाय तवर हैम्यात खोली घ्या. उद्या सावकाश जा."

झुंबरबाईने फोन मागितला.

"गेट कुठंशी हाय तुमचं?"

"आये, आत सोडत न्हाईत."

"आत कोन येतंय? गेट कुठं हाय तेवढं सांग."

"वीस किलोमीटर आत. पन—"

"डांबरी हाय का?"

"डांबरी हाय."

"झालं मग."

तिने फोन रोहिणीकडे दिला. रोहिणीने गाडी सुरूच ठेवली होती.

गेट म्हणजे तारेचे कुंपण, एक आडवा दांडा आणि एक खोली. त्यात पांढऱ्या दाढीचा ओमानी पहारेकरी. त्याला मोडकीतोडकी हिंदी येत होती.

"अम्मा, अंदर मना है."

"मला आत जायाचंच न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "माझ्या पोराला भाईर काढ."

रोहिणीने ते जरा नरम करून सांगितले. पहारेकऱ्याने मान हलवली. ड्यूटी, परवाना, उद्या, साहेब असे शब्द आले. झुंबरबाईने सगळे ऐकून घेतले. मग गाडीतून हिरव्या पट्ट्याची गोधडी काढली, गेटच्या बाजूला अंथरली आणि तीवर बसली.

"तू तुझं काम कर, बाबा. मी काय आडवी आले न्हाई. मी बसते हितं."

पहारेकरी बाहेर आला. वाळूने माखलेल्या साडीकडे, सोललेल्या हातांकडे बघितले. आत गेला. खुर्ची घेऊन आला. झुंबरबाईने खुर्ची अनन्याला दिली. तो पुन्हा आत गेला आणि फोन लावला. पहिल्या माणसाशी अरबीत बोलला, दुसऱ्याशी मोठ्याने बोलला. मग खिडकीतून तीनदा पंजा दाखवला. पंधरा मिनिटे.

झुंबरबाईने बसल्या जागेवरून आणखी तीन पंजे दाखवले.

तो हसला. "निझवा बाजार?" त्याने रोहिणीला विचारले, आणि हात हलवला. ठीक, अर्धा तास.

अजिनाथ पळत आला. अंगात निळे कामाचे कपडे, कपाळावर हेल्मेटचा वळ. दांड्याखालून वाकून बाहेर आला आणि आधी गाडीच्या टायरांकडेच बघितले.

"सडकंवरून गाडी खाली उतरवायची न्हाई, सांगितलं हुतं ना मी?"

"बाभूळ दिसली," रोहिणी म्हणाली.

"बाभूळ? ते वाळूतच उगवणारं घाफाचं झाड असतंय! बाभळीसाठी मरत हुता का तिघी?"

"आज्या," झुंबरबाई म्हणाली, "खाली बस. वरडायला अर्धा तास न्हाई दिलेला."

तो बसला. अनन्या त्याच्या मांडीवर आली. रोहिणी भाकरी सोडत होती. सकाळची भाकरी, वातड झालेली. झुंबरबाईने त्याच्या हातावर आधी तिळाचा लाडू ठेवला.

"चौथीत असताना संक्रांतीला येते म्हनले हुते. आले न्हाई."

अजिनाथने लाडू तोंडाजवळ नेलेला हात खाली घेतला.

"ट्रॉली रुतली हुती. मला चालत निघता आलं असतं, सडकंपर्यंत. मुकादमाला भ्याले मी. तू दिवसभर गेटवर बसलास, म्हनं. माझ्या ध्यानात लई ऱ्हायलं ते. तेवढंच सांगायला आले."

कुंपणापलीकडे कुठले तरी यंत्र घरघरत होते. अजिनाथ गोधडीच्या हिरव्या पट्ट्यावरचा चाकाचा वण बोटाने चाचपत होता.

"गेटवर न्हवतो मी," तो म्हणाला.

"आं?"

"गेटवर कोन बसतंय? मी पळून एसटी स्टँडवर गेल्तो. समद्या गाड्या बघितल्या. नगरची, राहात्याची, शिर्डीची. कंडक्टरला इचारायचो, माझी आई बसली का म्हनून. रेक्टरनं कान धरून आनलं रात्री, म्हनून जेवलो न्हाई. मार खाल्लेला, पोट भरलेलं." तो हसला. मग हसणे थांबले. "तू निघालीच न्हाईस, असं वाटलं हुतं मला. ट्रॉलीचं न्हवतं ठाऊक."

"निघाले हुते रे. पिशवी भरून ठेवली हुती."

"बरं," तो म्हणाला. एवढेच. आणि लाडू आख्खा तोंडात टाकला.

मग चौघे जेवले. वातड भाकरी, ठेचा, कांदा. वाळू दाताखाली कचकचत होती. झुंबरबाईने एक भाकरी आणि दोन लाडू खिडकीतून आत दिले. पहारेकऱ्याने ठेच्याचा घास घेतला, डोळे पुसले आणि घड्याळ बघायचे विसरला. सूर्य कुंपणाच्या तारेला टेकेपर्यंत कुणी हाक मारली नाही.

जाताना अजिनाथने गोधडी उचलली आणि जोरात झटकली. वाळूचा लोट उडाला. एक टोक फाटून लोंबत होते.

"ती ऱ्हाऊ दे," झुंबरबाई म्हणाली. "फाटली. अनन्याची धड हाय, ती ने. तुमच्यात ब्लँकेट देतात म्हनला हुतास ना?"

"देतात," अजिनाथ म्हणाला. त्याने तीच गोधडी घडी करून खांद्यावर टाकली आणि दांड्याखालून वाकून आत गेला.

ती बघत राहिली. निळे कपडे दूरवर इतरांच्या निळ्या कपड्यांत मिसळले. हिरवा पट्टा मात्र बराच वेळ दिसत होता. तो दिसेनासा झाल्यावर ती वळली.

"रोहिणी, चाकांत हवा हाय का बघ," ती म्हणाली आणि रिकामा कॅन घेऊन पहारेकऱ्याच्या नळाकडे निघाली.